हिरवा ओटा

भवरलालच्या दुकानात शिरल्या शिरल्या कुंदानं पर्समधून एक पुडी काढली, सोडली, आणि समोर आडव्या ठेवलेल्या काळ्याभोर ग्रॅनाइटवर चिमूटभर मोहरी पसरली. मोहरीवर तांदूळ टाकले. तांदळावर हळद भुरभुरली.

भवरलालनं आधी हात जोडले. त्याला वाटलं, पूजा आहे. विकत घेण्याआधीच दगडाची पूजा करणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत असावं. पण गिऱ्हाइकाच्या देवधर्मात पडायचं नाही, एवढं तो धंद्यातून शिकला होता.

"नारळ मागवू का, वहिनी?"

"नको," म्हणून कुंदा माझ्याकडे वळली. "अहो, चष्मा पुसा आणि मोहरी वेचा बघू."

"मी?"

"मग काय शेठ वेचतील?"

मी वाकलो. माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता आणि डावा पिकायची वाट बघत बसला होता. काळ्या दगडावरची काळी मोहरी शोधायला मी तळहातानं दगड चाचपू लागलो, जसा एखादा माणूस अंधारात भिंतीवरचं बटण चाचपतो. हाताला लागली तेवढी गोळा करून तिच्यापुढं धरली.

"झाली?"

"आहे तेवढी झाली."

"अर्धी तिथंच आहे," कुंदा म्हणाली आणि हातरुमालानं सगळं पुसून टाकलं. "शेठ, पुढचा दाखवा."

पुढचा पांढरा संगमरवर होता. त्यावर मोहरी ठसठशीत दिसली, पण तांदूळ गायब झाले, आणि भवरलालनं ओल्या फडक्यानं कितीही घासलं तरी हळदीची पिवळी छाया राहिलीच. मी म्हणालो, "हळदीच्या सांगलीत पांढरा ओटा करणारा माणूस शूर तरी असेल किंवा उपाशी तरी." कुणी हसलं नाही. मग तपकिरी ठिपक्यांचा ग्रॅनाइट आला. त्यावर मोहरी, तांदूळ, हळद आणि मी काढून ठेवलेली चष्म्याची डबी, सगळंच दिसेनासं झालं.

मला यात वावगं काही वाटलं नाही. बायका साडी घेताना खांद्यावर टाकून बघतात. दगड खांद्यावर टाकता येत नाही, म्हणून मोहरी टाकत असतील, असं मी मनाशी ठरवलं आणि ती सांगेल ते वेचत राहिलो.

या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली. कुंदाला नवा ओटा कशासाठी हवाय, हे तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं. बायकोबद्दल नवऱ्याला जेवढं पक्कं ठाऊक असतं, तेवढं.

झालं होतं असं. उन्हाळ्यात अथणीला माझे सासरे, आप्पा, न्हाणीत घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. ऑपरेशन झालं, हातात चौपायी काठी आली. पण आप्पा अथणी सोडायला तयार नव्हते. "तुझ्या फ्लॅटात मला खिडकीतून समोरच्याची खिडकी दिसते. इथं निदान माझा पेरू दिसतो," एवढंच ते म्हणायचे. त्यांचा मुलगा कॅनडात. राहिली कुंदा. तिला आप्पांजवळ जाऊन राहायचं होतं. दोन-चार दिवस नव्हे, लागतील तितके महिने.

आडवा येत होतो तो मी. म्हणजे मी प्रत्यक्ष नाही. मी तर "जा की" म्हणत होतो. आडवं येत होतं ते माझं जेवण.

आमच्या घराण्यात पुरुषानं स्वयंपाकघरात जायचं ते नैवेद्याचं ताट आणायला. बाकी वेळी पुरुष बाहेर बसतो आणि आतून काय येतंय याची वाट बघतो. आम्ही स्वयंपाकाला बायका ठेवून पाहिल्या. पहिल्या बाईंच्या आमटीवर मी वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरात दोन शब्द लिहिले. तिचा मुलगा सदर वाचायचा. दुसरीनं पहिलीकडून सगळं ऐकूनच नकार दिला. मग कोपऱ्यावरच्या खानावळीचा डबा लावला. त्यातल्या बटाट्याच्या भाजीवर मी जरा मोठा लेख लिहिला. तो लोकांना फार आवडला. खानावळवाल्याला सोडून.

तेव्हा कुंदा अथणीला जायची, आणि चौथ्या दिवशी तासगावहून माझी थोरली बहीण अक्का येऊन मला बघायची आणि कुंदाला फोन लावायची.

"कुंदा, दत्तू निम्मा झालाय गं."

मी निम्मा झालेला नसायचो. माझं वजन आयुष्यभर एकच राहिलंय. पण अक्काच्या नजरेत मी लग्नाच्या आधीपासून निम्माच होतो. फोन झाला की कुंदा पाचव्या दिवशी परत यायची. असं तीनदा झालं.

तिसऱ्यांदा ती आली ती फार गप्प होती. पिशवी खाली ठेवली, हातपाय धुतले, आणि स्वयंपाकघरात जाऊन जुन्या कडाप्प्याच्या ओट्याकडे बघत उभी राहिली. मी बाहेरून विचारलं, "चहा टाकतेस?" तिनं टाकला. कप माझ्या हातात देताना म्हणाली, "हा ओटा काढायचा."

"काढ की!" मी म्हणालो. इतक्या घाईनं मी तिला आयुष्यात कशाला हो म्हटलं नव्हतं. अथणीचं नाव न काढता ती ओट्याचं काढत होती. सुटलो, असं वाटलं.

अक्कालाही तसंच वाटलं. "करू दे तिला," ती फोनवर म्हणाली. "बाईचं मन कशात तरी गुंतलं पाहिजे. फक्त काळा ग्रॅनाइट घ्या म्हणावं. आपल्यात सगळ्यांचा काळाच आहे."

म्हणून आम्ही भवरलालकडे होतो, आणि मी मोहरी वेचत होतो.

"वहिनी," भवरलाल शेवटी दमून म्हणाला, "खाणीतला दगड म्हटला की त्याला रेघ आली, ठिपका आला. एकसारखा पाहिजे तर मग हा बघा. इंजिनीअर्ड स्टोन. क्वार्ट्झचा चुरा करायचा, रेझिनमध्ये कालवायचा, मशिनीत दाबायचा. हव्या त्या रंगाचा."

"म्हणजे नकली," मी म्हणालो.

"नकली नाही, साहेब. दगडच आहे. फक्त शिकलेला."

"छान. मुलगा इंजिनीअर, सून इंजिनीअर, आता ओटाही इंजिनीअर. घरात अडाणी मी एकटा."

"शेठ," कुंदा म्हणाली, "चांगलं काय ते तुम्ही सांगणारच. वाईट काय ते आधी सांगा."

भवरलाल जरा थांबला. हा प्रश्न त्याला सहसा कुणी विचारत नसावं. "गरम भांडं थेट ठेवायचं नाही बघा. रेझिन जळतं. डाग पडला की निघत नाही. ग्रॅनाइटवर कढई आपटा, काही होत नाही. ह्याच्यावर खाली काहीतरी घ्यायचं."

"आणि हळद? तेल?"

"बसू दिली तर हळद कुणाला सोडत नाही, वहिनी. पण लगेच पुसली की गेली. ह्याला भोकं नाहीत, पीत नाही तो."

कुंदानं माझ्याकडे बघितलं. ती नजर मला नीट कळली नाही. "लगेच पुसायचं, आणि खाली काहीतरी घ्यायचं," ती स्वतःशीच म्हणाली. "दोनच गोष्टी. जमेल."

"तुला काय, सगळंच जमतं," मी कौतुकानं म्हणालो.

भवरलालनं पांढरा, राखाडी, बदामी असे तुकडे मांडले. प्रत्येकावर पुडीतलं थोडं थोडं पडलं आणि प्रत्येकावरून मी वेचलं. राखाडीवर कुंदानं पर्समधून एक स्टीलचा चमचाही काढून ठेवला आणि मला म्हणाली, "उचला." मी चमच्याच्या शेजारचा दगड उचलायचा प्रयत्न केला. राखाडी बाद झाला.

मग तिला भिंतीशी, पोत्यामागं उभी केलेली एक लादी दिसली.

"ती काय?"

"ती नको, वहिनी," भवरलाल घाईनं म्हणाला. "ती एका दवाखान्याची ऑर्डर होती. त्यांनीसुद्धा घेतली नाही."

लादी हिरवी होती. पोपटी नाही, पाचूसारखी नाही. ऑपरेशनला नेताना आपल्या अंगावर जे कापड टाकतात, त्याचा हिरवा. ती बघून माझा मोतीबिंदूवाला डोळा आपोआप मिटला.

कुंदानं त्यावर पुडी उलटी केली. आणि खरं सांगतो, मोहरी दिसली. तांदूळ दिसला. हळद तर झेंड्यासारखी दिसली. चमचा मी पहिल्या झटक्यात उचलला. वाकावंसुद्धा लागलं नाही.

"सगळी वेचलीत?"

"सगळी."

"हाच द्या," कुंदा म्हणाली.

"वहिनी, परत एकदा विचार करा. लोक मला नावं ठेवतील."

"कोथिंबीर तेवढी दिसायची नाही यावर," मी सुचवून पाहिलं.

"कोथिंबीर राहू द्या सध्या," कुंदा म्हणाली. "ती नंतरची गोष्ट आहे."

अक्का मुद्दाम तासगावहून आली. तुकडा हातात घेऊन तिनं तो वास घेण्याइतका जवळ नेला.

"हा दवाखान्यातला दगड आहे."

"होय," कुंदा म्हणाली.

"यावर अन्न शिजवणार?"

"यावर नाही. गॅसवर."

"कुंदा, चेष्टा नको. घरात सत्यनारायण होतो, श्रावणी शुक्रवार होतो. चार बायका येतात. काय म्हणतील? दत्तू, तू काहीतरी बोल ना!"

मी बोललो. "अक्का, चार बायकांना चष्मे काढायला सांगू."

"तू गप्प बस. अगं, हौस करायची तर नीट कर. काळा घे, नाहीतर तांबडा घे. हे असलं भुकटी कालवून थापलेलं... त्यापेक्षा शेणानं सारवलेलं बरं दिसतं."

"अक्का," कुंदा म्हणाली. आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढला असता तर अक्काला बरं वाटलं असतं. "तुम्हाला काळा हवाय. यांना काहीही चालतं. मला हा हवाय. ओटा हाच बसेल."

अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "अथणीचा राग काढतेय. काढू दे. दगडावर काढतेय, तुझ्यावर नाही, हे नशीब."

मला ते पटलं.

त्याच आठवड्यात मी पेपर वाचत होतो तेव्हा कुंदा टेप घेऊन आली. "उभे राहा. हात कोपरात वाकवा." मी उभा राहिलो, हात वाकवला. तिनं जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि गेली. थंडी तोंडावर आली होती. संध्याकाळी कट्ट्यावर मी मित्रांना सांगितलं की कुंदा माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतेय. एकानं विचारलं, "जमिनीपासून माप घेऊन?" मी म्हणालो, "लांब असेल."

कामाला दस्तगीर आला. तो ओट्याचं सगळं काम एकहाती करायचा. तोंडाला रुमाल बांधला की त्याचं मशीन चालू आणि बोलणं बंद. पहिल्याच दिवशी पार्किंगमध्ये त्यानं मशीन लावलं आणि पांढऱ्या भुकटीचा असा लोट उठला की पहिल्या मजल्यावरचे गोखले खिडकी लावायला धावले. कुंदा खाली उतरली आणि मशीनची पिन काढून हातात घेऊन उभी राहिली.

"वहिनी, काय झालं?"

"पाणी कुठाय?"

"पाण्यानं वेळ लागतो, वहिनी. आणि सगळीकडं चिखल हुतोय."

"होऊ दे. ही भुकटी छातीत बसते, दस्तगीर. रुमालानं नाही अडत. पाणी सोडून काप."

"आम्ही रोज असंच कापतोय की."

"रोजचं मला दिसत नाही. इथलं दिसतंय."

पिन तिच्या हातातच राहिली. दस्तगीरनं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. शेवटी गोखल्यांच्या नळाला पाइप लागला आणि दगड पाण्याखाली कापला गेला. पार्किंगमध्ये दोन दिवस हिरवट राड होती आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी आम्हाला नोटीस दिली. कुंदानं त्यांनाही चहा दिला.

त्या दिवसांत आम्ही हॉलमध्ये शेगडी मांडली होती आणि स्वयंपाकघराला पडदा लावला होता. मला आत जायला मनाई होती. तशीही गरज नव्हती. आतून दस्तगीरचा आवाज तेवढा यायचा.

"वहिनी, उंची लई हुतीय."

"होऊ दे."

"पाटावर उभं राहावं लागंल तुम्हाला."

"तू सांगितलं तसं कर."

"आणि सगळी कड गोल करू? कोपरंपण?"

"कोपरे आधी. धडकलं तर लागायला नको."

कोण धडकणार, असा विचार माझ्या मनात आला नाही. मी आमच्या घरात प्रत्येक कोपऱ्याला रोज धडकतो. त्याची मला इतकी सवय आहे की ते माझ्याबद्दल आहे हे कळत नाही.

पडदा काढला त्या दिवशी अक्का आली होती. नको म्हणत म्हणत नारळ घेऊन आली होती. आम्ही आत गेलो. हिरवा ओटा भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरला होता, न रेघ, न ठिपका. उन्हाची तिरीप पडली होती आणि त्या उजेडात तो इतका कुरूप दिसत होता की शोभतच होता.

कुंदा ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. ओटा तिच्या बरगडीपर्यंत आला.

"अगं बाई!" अक्का ओरडली. "माप चुकलं! दस्तगीर, हे काय करून ठेवलंस? ही यावर कणीक कशी मळणार? शिडीवर चढून?"

"अक्का, माझी चूक नाही," दस्तगीर म्हणाला. "माप वहिनींनी दिलंय. मी चारदा सांगितलं."

"माप बरोबर आहे," कुंदा म्हणाली. ती बाजूला झाली. "अहो, इकडे या. इथं उभे राहा."

मी उभा राहिलो.

"हात ठेवा."

मी हात ठेवले. कोपर हलकेच वाकलं, पाठ सरळ राहिली. मी आमच्या घरात सगळ्या टेबलांवर, बेसिनवर, जिन्याच्या कठड्यावर वाकूनच जगलोय. पहिल्यांदाच घरातली एखादी वस्तू माझ्या उंचीला येऊन थांबली होती.

"कसा वाटतो?"

"मस्त आहे," मी म्हणालो.

"मग आता हा तुमचा."

दस्तगीरनं हळूच हत्यारं गोळा करायला घेतली.

"आणि स्वेटर?" मी विचारलं.

"कसला स्वेटर?"

मी खुलासा केला नाही.

"मागं मला ताप आला होता तेव्हा तुम्ही चहा केला होता, आठवतं?" कुंदा म्हणाली. "काळ्या ओट्यावर कप ठेवलात आणि चहा कपाच्या शेजारी ओतलात. सगळा. मग तवा दिसला नाही, त्यावर हात टेकलात. तेव्हापासून मला वाटतं की तुम्हाला येत नाही असं नाही. तुम्हाला दिसत नाही. आता दिसेल."

"कुंदा!" अक्का नारळ हातात घेऊन तशीच उभी होती. "पुरुषमाणसाला ओट्याशी उभं करतेस? आमच्या घरात..."

"अक्का, बसा जरा." कुंदानं तिला खुर्ची दिली. "गेल्या खेपेला तुम्ही फोन केलात, मी आले. मी आले त्याच दिवशी आप्पा न्हाणीत गेले आणि त्यांना उठता येईना. त्यांनी मला हाक मारली. मी आहे असं समजून. शेजारच्या काकू दूध द्यायला आल्या तेव्हा त्यांना कळलं. तोपर्यंत ते ओल्या फरशीवर बसून मला हाका मारत होते."

अक्कानं नारळ मांडीवर ठेवला.

"काकूंनी मला सांगितलं. आप्पांनी नाही सांगितलं. ते म्हणाले, मजेत आहे." कुंदा ओट्यावरून हात फिरवत होती. "मी सोमवारी जाणार. आणि आप्पा आहेत तोवर तिथंच राहणार."

"आणि हा उपाशी राहिला तर?"

"तर त्यांना भूक लागेल."

"नुसती भूक लागून काय होतं?"

"उठून ओट्याशी जावंसं वाटतं," कुंदा म्हणाली. "आजवर तुम्ही आणि मी मिळून यांना कधी तेवढी लागूच दिली नाही."

सोमवारपर्यंत माझी शाळा भरली. कुंदा दाराशी खुर्ची घेऊन बसायची आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायची. "मी हात लावणार नाही," हा तिचा नियम. तो पाळणं तिला माझ्यापेक्षा जड जात होतं. एकदा दूध उतू जाताना तिचा अख्खा खांदा थरथरला, पण हात बाहेर आला नाही.

"मीठ किती?"

"बेताचं."

"बेत कसा कळतो?"

"तोंडात घातल्यावर."

"तेव्हा उशीर झालेला असतो."

"मग दुसऱ्या दिवशी कळतो."

फोडणीची मोहरी हिरव्या दगडावर सांडायची आणि मला एकेक दाणा दिसायचा. हे सुख आहे की अपमान, हे ठरवायला वेळ नव्हता. तोवर हिंग घालायची वेळ झालेली असायची. पहिला भात पेजेसारखा झाला, दुसरा छऱ्यांसारखा. पिठल्याचं तंत्र तिनं मला तीनदा सांगितलं: पीठ आधी पाण्यात कालवायचं, मग सोडायचं, ढवळायचं थांबायचं नाही. मी थांबायचो. मला काहीतरी सुचायचं, आणि सुचलं की मी थांबतो, ही आयुष्यभराची सवय.

शनिवारी असंच काहीतरी सुचत असताना मी उकळती कढई उचलली आणि सरळ दगडावर ठेवली. प्लॅस्टिक जळल्यासारखा वास आला. कढई उचलली तर खाली पोळीएवढं तपकिरी वर्तुळ. मी ओल्या कपड्यानं घासलं, लिंबू लावलं, राख लावली. वर्तुळ माझ्याकडे बघत राहिलं.

कुंदा खुर्चीवरून उठली, डागावर बोट फिरवून पाहिलं.

"चला, बरं झालं," ती म्हणाली.

"बरं?"

"नवा आहे म्हणून बिचकून वागत होता. आता बिचकायला काही उरलं नाही."

सोमवारी मी तिला मिरजेच्या स्टँडवर अथणीच्या गाडीत बसवून आलो. खिडकीतून तिनं मला काहीही सांगितलं नाही. गॅस बंद करा, दूध तापवा, कुलूप लावा, काहीही नाही. ती नुसती बसली होती, पुढं बघत, आणि गाडी हलली तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं, दिवसभराचं काम आटोपल्यावर पुसतात तसं.

चौथ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात अक्का. हातात रिकामी पिशवी.

"कपडे भर," ती म्हणाली.

"कुठले?"

"तुझे. तासगावला चल. आणि कुंदाला फोन करते आत्ताच. उद्याच्या गाडीनं ये म्हणते. पुरे झालं."

तिनं पिशवी मला दिली, मोबाइल काढला आणि चष्मा कपाळावर सरकवून नंबर शोधू लागली. कुंदा येणार नाही म्हणाली होती. पण अक्काचा तो आवाज कानावर पडला की तिला अथणीला घास गोड लागणार नाही, हे मला माहीत होतं. तिकडे आप्पांना हाताला धरून उठवताना तिच्या मनात मी निम्मा होत राहणार.

"अक्का, पाच मिनिटं थांब," मी म्हणालो. "पिठलं लागेल खाली."

"काय लागेल?"

मी आत गेलो. ती पाठोपाठ आली. मी ढवळत होतो आणि काहीही सुचत नसल्यामुळं थांबत नव्हतो. मी कढई उतरवली, खाली फडक्याची चुंबळ घेतली, तिच्यावर टेकवली. अक्का ते सगळं बघत होती, मोबाइल तसाच हातात. माझ्या पंगतीत आयुष्यभर तीच वाढायला उभी राहिलेली. मी ताट घेतलं, भात घातला, मध्ये खळगा केला, पिठलं ओतलं आणि ताट तिच्यापुढं ठेवलं.

"मी जेवून निघालेय," ती म्हणाली.

"थोडं."

अक्का बसली. पहिला घास तिनं बराच वेळ तोंडात ठेवला, ताप बघायला थर्मामीटर ठेवतात तसा. दुसरा घेतला. तिसरा घेतला. मग डाव्या हातानं नंबर दाबला.

"कुंदा, मी अक्का. हो, इथंच आहे. दत्तूकडं." पलीकडं कुंदा काहीतरी बोलली असावी. अक्का ऐकत राहिली. "बघतेय की. समोरच आहे. पिठल्यात गाठी आहेत. भात खाली लागलाय. मिरची इतकी घातलीय की माझ्या डोळ्याला पाणी आलं."

मी तिच्याकडे पाठ करून ओटा पुसू लागलो. पुसण्यासारखं काही नव्हतं.

"निम्मा?" अक्का म्हणाली. "नाही गं. आहे तेवढाच आहे. आप्पा जेवले का? ... काय केलंस? ... बरं. ... न्हाणीत दांडा बसवून घे धरायला, इथून दस्तगीरला पाठवते, तो नीट बसवील. ... नाही, ये म्हणायला फोन नाही केला. उगीच केला. तू राहा तिथं."

तिनं मोबाइल बंद करून ताटाशेजारी पालथा ठेवला.

"भाकरी नाही?"

"भाकरी अजून शिकायचीय, अक्का."

"मग भात घाल," अक्कानं ताट पुढं केलं. "खालच्या खरवडीसकट."